हातावरची सूज आणि बॉलपेन

चि. ताई,


रनाळ्यात आशा सेविका म्हणून रुजू झालीस, हे तुझ्या आईनं सांगितलं. कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून मी आयुष्यभर गावं पायाखाली घातली. त्यातून तुला आज एवढंच सांगायचंय: रिॲक्शन ओळखायला शीक.

एमडीटीचं, म्हणजे कुष्ठरोगाच्या गोळ्यांचं, पान द्यायला जाशील तेव्हा कुणी म्हणेल, गोळी गरम पडली. लघवी तांबडी होते, अंग काळवंडतं, ते गोळ्यांमुळेच, पुढे ओसरतं. तिथं धीर दे. पण जुना चट्टा एकाएकी लाल होऊन फुगला, हातापायांवर सूज चढली, किंवा ताप येऊन अंगभर दुखऱ्या लाल गाठी उठल्या, तर गोळीला दोष देऊ नकोस. हीच ती रिॲक्शन: कुष्ठजंतूंवर शरीरच भडकलेलं असतं, आणि ती आग नसांपर्यंत पोचते. सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स संपल्यावरही ती येऊ शकते, म्हणून जुने रुग्णही नजरेआड करू नकोस.

मिरची तोडायला जाणारी एक बाई मला अजून दिसते. दोन्ही हात सुजलेले. मिरची झोंबली असेल, असं ती म्हणाली आणि मी मान डोलावली. पुढच्या फेरीला गेलो तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलेलं. ती बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. त्या दिवशी मी तिच्या कोपराची, त्या बोटांकडे जाणारी नस चाचपली नाही, ती चूक माझीच.

तू चाचपायला लाग. नस जाड लागते का, दाबली की दुखते का? करंगळी बाजूला करून धरायला सांग आणि तू तिला आत ढकलून बघ. मग रुग्णाला डोळे मिटायला लावून तळहातावर, तळपायावर बॉलपेनचं टोक हलकेच टेकव. कुठं टेकलं ते त्यानं बोटानं दाखवायचं. कमीजास्त वाटलं किंवा डोळा लाल दिसला, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात ने. प्रेडनिसोलोन वेळेत मिळालं तर नस वाचते; सहा महिने उलटून गेले की आशा फार थोडी उरते. ते डॉक्टरांनीच द्यायचं, मेडिकलमधून परस्पर आणायचं नाही, मध्येच सोडायचंही नाही. आणि एमडीटी चालू असेल तर ती थांबवू देऊ नकोस. गोळीमुळेच झालं असं समजून घरचे पान लपवून ठेवतात.

सुट्टीत आलीस की माझ्याच कोपरावर ती नस शोधायला शिकवीन.

तुझा,
मामा