ड्रॉइंग घरून थेट वाळूजच्या वर्कशॉपवर: सिंकथिंग जोडण्याची कृती

वाळूज एमआयडीसीत तुमचं छोटं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग आणि सीएनसीचे प्रोग्रॅम तुम्ही घरी, सिडकोत किंवा बजाजनगरात, लॅपटॉपवर तयार करता आणि सकाळी पेन ड्राइव्हवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर मशीनपर्यंत पोहोचवता. एखाद्या दिवशी जुनी रिव्हिजन व्हीएमसीवर चढते आणि अख्खा लॉट रिजेक्ट होतो. हे आज बंद करू या.

त्यासाठी आपण ‘सिंकथिंग’ वापरणार आहोत. हे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर तुमचे दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडतं. कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर फाइल साठत नाही, खातं उघडावं लागत नाही, महिन्याचे पैसे नाहीत. घरच्या फोल्डरमध्ये ड्रॉइंग सेव्ह केलं की ते वर्कशॉपच्या फोल्डरमध्ये उतरतं.

लागणारं सामान: घरचा लॅपटॉप आणि वर्कशॉपचा कॉम्प्युटर (दोन्ही विंडोजचे), दोन्हीकडे इंटरनेट आणि एक निवांत तास. बटणांची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतील, इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत. आकडेही कीबोर्डवरचे नेहमीचेच टाकायचे.

तयारी

१. घरचा लॅपटॉप वर्कशॉपवर घेऊन या आणि दोन्ही कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवा. एकाच टेबलावर जोडणी केली तर चूक तिथल्या तिथे दिसते.

२. दोन्ही एकाच वायफायला किंवा राउटरला जोडा. सावधान: पाहुण्यांसाठीचं ‘गेस्ट’ वायफाय नको. त्यावर कॉम्प्युटर सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

३. वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तरी चालेल, पण कॉम्प्युटर झोपला की फाइल येणं थांबतं.

४. लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर ‘ड्रॉइंग’ नावाचं नवं, रिकामं फोल्डर करा. डी नसेल तर सी चालेल. सावधान: ते वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरच्या आत करू नका. दोन सॉफ्टवेअर एकाच फाइलमागे लागली की गोंधळ ठरलेला.

५. वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवरही तसंच रिकामं ‘ड्रॉइंग’ फोल्डर करा. खरी ड्रॉइंग अजून कुठेच टाकायची नाहीत, हात राखून ठेवा.

सॉफ्टवेअर बसवणं

६. लॅपटॉपवर सिंकथिंग डॉट नेट ही साइट उघडा आणि डाउनलोडच्या पानावरून ‘सिंकथिंग विंडोज सेटअप’ घ्या. सावधान: गूगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या लिंकवरून काही उतरवू नका.

७. सेटअप चालवा आणि लॉग-इन होताच सिंकथिंग आपोआप सुरू होईल, ही खूण तशीच राहू द्या. ती काढली तर वीज जाऊन आल्यावर सिंकथिंग बंदच राहील, आणि वाळूजला वीज कधी जाईल ते तुम्हाला सांगायला नको.

८. विंडोज फायरवॉलची खिडकी आली तर ‘प्रायव्हेट नेटवर्क’वर टिक करून परवानगी द्या. घाईत ‘कॅन्सल’ दाबलं तर दोन कॉम्प्युटरची गाठ पडायला अडचण येते.

९. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी १२७.०.०.१:८३८४ टाकून एंटर दाबा. सिंकथिंगचं पान उघडेल. हे पान इंटरनेटवरचं नाही, तुमच्याच कॉम्प्युटरवरचं आहे.

१०. वापराची माहिती पाठवायची का, असा प्रश्न आला तर ‘नो’ म्हणा. ‘येस’ म्हटलंत तरी काम अडत नाही.

११. वर उजवीकडे ‘अ‍ॅक्शन्स’, मग ‘सेटिंग्ज’ उघडा आणि ‘डिव्हाइस नेम’मध्ये ‘घर-लॅपटॉप’ लिहा.

१२. तिथेच ‘जीयूआय’ या टॅबमध्ये युजरनेम आणि पासवर्ड घालून ‘सेव्ह’ दाबा. पासवर्ड नसेल तर त्या कॉम्प्युटरवर बसणारा कुणीही सेटिंग बदलू शकतो.

१३. ‘डिफॉल्ट फोल्डर’ नावाचं काही आधीच दिसत असेल तर त्यावर क्लिक करून ‘एडिट’, मग ‘रिमूव्ह’ करा. दिसत नसेल तर पुढे चला.

१४. सहा ते तेरा या पायऱ्या वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर जशाच्या तशा करा. नाव मात्र ‘वाळूज-वर्कशॉप’ द्या. दोन्हींना एकच नाव दिलं तर पुढे कुठली ओळ कुणाची, हे तुम्हालाच कळणार नाही.

एकमेकांची ओळख

१५. वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर ‘अ‍ॅक्शन्स’मधून ‘शो आयडी’ उघडा. सात-सात अक्षरांचे आठ गट दिसतील. हा त्या कॉम्प्युटरचा पत्ता.

१६. लॅपटॉपवर खाली उजवीकडे ‘अ‍ॅड रिमोट डिव्हाइस’ दाबा. एकाच वायफायवर असाल तर हाच आयडी तिथे सुचवलेला दिसेल, त्यावर क्लिक करा. हाताने टाकत असाल तर एक युक्ती: या आयडीत शून्य, एक, आठ आणि नऊ हे आकडे कधीच नसतात. शून्यासारखं दिसतं ते ‘ओ’ आहे.

१७. ‘सेव्ह’ दाबण्याआधी पहिला आणि शेवटचा गट दोन्ही पडद्यांवर ताडून बघा. जुळले? मग दाबा.

१८. वर्कशॉपच्या पडद्यावर नवं डिव्हाइस जोडू पाहतंय, अशी पट्टी येईल. तिथे ‘अ‍ॅड डिव्हाइस’ दाबून ‘सेव्ह’ करा. होकार दोन्हीकडून लागतो. सावधान: ‘इग्नोर’ दाबलं तर पट्टी पुन्हा येत नाही.

१९. मिनिटभर थांबा. डिव्हाइसच्या ओळीतलं ‘डिसकनेक्टेड’ जाऊन जोडणी दिसली की निम्मं काम झालं. तसंच राहिलं तर दुसरी आणि आठवी पायरी पुन्हा तपासा.

फोल्डर जोडणं

२०. लॅपटॉपवर ‘अ‍ॅड फोल्डर’ दाबा आणि ‘फोल्डर लेबल’मध्ये ‘ड्रॉइंग’ लिहा.

२१. ‘फोल्डर पाथ’मध्ये चौथ्या पायरीत केलेल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता टाका. सावधान: अख्खा डी ड्राइव्ह देऊ नका.

२२. ‘शेअरिंग’ टॅबमध्ये ‘वाळूज-वर्कशॉप’वर टिक करा.

२३. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘फोल्डर टाइप’ला ‘सेंड ओन्ली’ निवडून ‘सेव्ह’ करा. म्हणजे घरचा लॅपटॉप फक्त देणारा. ऑपरेटरच्या हातून काही पुसलं गेलं तरी तुमची मूळ फाइल शाबूत.

२४. वर्कशॉपच्या पडद्यावर फोल्डरची पट्टी आली की ‘अ‍ॅड’ दाबा आणि पाथमध्ये पाचव्या पायरीतलं फोल्डर द्या. पट्टीतूनच घ्या. इथे स्वतः नवं फोल्डर जोडायला गेलात तर त्याचा आयडी वेगळा पडतो आणि दोघं कधीच जुळत नाहीत.

२५. इथेच ‘फाइल व्हर्जनिंग’ टॅबमध्ये ‘सिंपल’ निवडा आणि ठेवायच्या प्रतींचा आकडा ५ वरून १० करा. घरून नवी फाइल आली की जुनी एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. ऑपरेटरला ती सहज दिसत नाही, तुम्हाला मात्र ‘व्हर्जन्स’ बटणातून परत काढता येते.

२६. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘रिसीव्ह ओन्ली’ निवडून ‘सेव्ह’ करा. वर्कशॉप आता फक्त घेणारं.

चाचणी

२७. लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये नोटपॅडची एक ‘चाचणी’ फाइल सेव्ह करा. सिंकथिंग बदल टिपायला साधारण दहा सेकंद घेतं. लगेच दिसली नाही म्हणून बटणं दाबत बसू नका.

२८. वर्कशॉपवर ती फाइल आली का बघा. आली? आता तिकडची प्रत मुद्दाम डिलीट करा.

२९. सिंकथिंगच्या पानावर त्या फोल्डरपाशी ‘रिव्हर्ट लोकल चेंजेस’ असं बटण उगवेल. ते दाबा, फाइल परत येईल. ऑपरेटरच्या हातून काही गेलं तर हाच उपाय, म्हणून करून बघितला.

३०. आता लॅपटॉपवरची चाचणी फाइल डिलीट करा. वर्कशॉपवरूनही ती गेली पाहिजे. हीच गोष्ट कामाची: नवी रिव्हिजन आली की घरच्या फोल्डरमधून जुनी काढा, मशीनपाशीही ती उरणार नाही.

३१. चाचणी पास झाली की चालू जॉबची ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. ‘कट’ नको, मूळ जागी एक प्रत राहू द्या. सावधान: टॅलीचा चालू डेटा या फोल्डरमध्ये टाकू नका. उघडा डेटा अर्धवट कॉपी होऊन बिघडू शकतो.

३२. दोन्हीकडे ‘अप टू डेट’ दिसेपर्यंत लॅपटॉप हलवू नका. पहिली मोठी खेप एकाच वायफायवर पटकन उरकते.

उलटी वाट

३३. इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि जॉबचे फोटो घरी यायला हवे असतील तर दोन्हीकडे ‘रिपोर्ट’ नावाचं दुसरं फोल्डर करून ते जोडा. वीस ते सव्वीस याच पायऱ्या, फक्त कॉम्प्युटर उलटे: वर्कशॉप ‘सेंड ओन्ली’, घर ‘रिसीव्ह ओन्ली’. सावधान: एकाच फोल्डरमध्ये दोन्हीकडून लिहायचा मोह टाळा. दोघांनी एकच फाइल बदलली की ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाची जास्तीची प्रत तयार होते, आणि खरी कुठली यावर वाद.

घरी गेल्यावर

३४. लॅपटॉप घरच्या इंटरनेटला जोडा आणि सिंकथिंगचं पान उघडा. ‘वाळूज-वर्कशॉप’ जोडलेलं दिसायला हवं. पत्ता पुन्हा टाकायची गरज नाही, ते एकमेकांना शोधून काढतात.

३५. त्या ओळीवर क्लिक करून जोडणीचा प्रकार बघा. ‘रिले’ असं दिसलं तर थेट वाट मिळालेली नाही आणि फाइल मधल्या टप्प्यावरून जातेय. ती कुलूपबंदच जाते, वाटेत कुणाला वाचता येत नाही, फक्त वेग कमी पडतो. वेग हवा असेल तर राउटर बसवणाऱ्याकडून २२००० हा पोर्ट उघडून घ्या.

३६. एक ड्रॉइंग सेव्ह करा आणि वर्कशॉपच्या ओळीत ‘अप टू डेट’ येतंय का बघा. ते आलं म्हणजे पोहोचलं. ‘डिसकनेक्टेड’ असेल तर ड्रॉइंग अजून तुमच्याच लॅपटॉपमध्ये आहे.

३७. रात्री वर्कशॉपचा कॉम्प्युटर बंद असेल तर सकाळी तो सुरू होईपर्यंत लॅपटॉप चालू ठेवा. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. मधे फाइल सांभाळणारं कुणी नाही, त्यामुळे दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी जागे असतील तेव्हाच देवाणघेवाण होते. रात्री सेव्ह करून झाकण मिटलंत, तर फर्स्ट शिफ्ट जुन्याच ड्रॉइंगवर सुरू होईल.

ऑपरेटरला समजावणं

३८. ऑपरेटरला ड्रॉइंगचं काम झालं की फाइल बंद करायला सांगा. ऑटोकॅडमध्ये उघडी असलेली फाइल विंडोज बदलू देत नाही. मग नवी रिव्हिजन दारात अडून बसते आणि फोल्डरपाशी ‘आउट ऑफ सिंक’ दिसतं. फाइल बंद केली की थोड्या वेळात ती आपोआप आत येते.

३९. मशीनला प्रोग्रॅम देण्याआधी टायटल ब्लॉकमधला रिव्हिजन नंबर जॉब कार्डाशी ताडायची सवय तशीच चालू ठेवा. सिंकथिंग फाइल पोहोचवतं, नंबर वाचत नाही.

४०. हे फोल्डर आणखी कुणाच्या कॉम्प्युटरशी जोडण्याआधी ग्राहकाची परवानगी आहे का, ते बघा. बहुतेक ड्रॉइंग ग्राहकाच्या मालकीची असतात. परवानगी नसेल तर जोडू नका.

४१. दर आठवड्याला ‘ड्रॉइंग’ आणि ‘रिपोर्ट’ ही दोन्ही फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे. घरी चुकून डिलीट केलेली फाइल ते तितक्याच तत्परतेने वर्कशॉपवरूनही काढून टाकतं.

४२. पहिला आठवडा पेन ड्राइव्ह खिशात असू द्या आणि रोज सकाळी एका ड्रॉइंगची तारीख-वेळ दोन्हीकडे जुळते का, तेवढं बघा. सलग जुळत गेली की पेन ड्राइव्ह घरच्यांना गाणी भरायला देऊन टाका.