दुकानातील कचऱ्याचाही हिशेब ठेवा

आपले व्यापारी बंधू मालाची आवक-जावक, उधारी आणि नफा-तोटा यांचा हिशेब नीट ठेवतात. परंतु संध्याकाळी दुकान झाडल्यावर जे बाहेर पडते, त्याची नोंद कोणत्याच वहीत नसते. ते गटारात किंवा कालव्याच्या कडेला जाते आणि तेथून दुर्गंधी, रोगराई, शेजाऱ्यांशी तंटा व दंड होऊन परत येते. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही व्यापाराचाच भाग म्हणून करीत आहोत.

श्रीपूरचा धडा

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे साखरेचे गाव. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथेच उभा राहिला. पांडुरंग सहकारी साखर कारखानाही येथलाच. शंभर किलो ऊस गाळला, तर साखर साधारण दहा-अकरा किलो मिळते. भुसा मात्र तीस किलोंच्या आसपास, मोलॅसिस सुमारे चार किलो आणि प्रेसमड तीन-चार किलो निघते. साखर कारखान्यांत भुशावर बॉयलर चालतो व वीज होते, मोलॅसिसपासून इथेनॉल निघते, प्रेसमडचे खत शेतात जाते. हे सर्व साधते, कारण प्रत्येक वस्तू निघते तेथेच वेगळी ठेवली जाते. एकत्र कालवली असती, तर तिला कोणी गिऱ्हाईक मिळाले नसते. लहान दुकानदाराने घ्यावयाचा धडा हाच.

धंद्यानुसार काय करावे?

शिंप्याच्या चिंध्या, सुताराचा भुसा, किराणा दुकानाचे पुठ्ठे व पोती कोरडी ठेवली, तर विकली जातात. भिजली की फुकट जातात. भाजीपाला व खानावळीचे उष्टे खड्ड्यात मातीचा थर देत कुजवावे. कोंबडीची पिसे व आतडी झाकणाच्या पिंपात ठेवून रोजच्या रोज हलवावीत. उघड्यावर टाकली तर कुत्री जमतात.

भजी तळलेले काळे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. १ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा नियमांनी त्याला मर्यादा घातली आहे. असे तेल गाळून साठवावे. त्यापासून बायोडिझेल होते. गॅरेजमधील जळके ऑइल जमिनीवर ओतू नये, जाळूही नये. ते परवानाधारकालाच द्यावे. जुनी बॅटरी दुकानात फोडू नये. त्यातील शिसे व तेजाब प्रथम कारागिराच्या आणि त्याच्या मुलांच्याच अंगात जाते. ती नवी घेताना दुकानदाराला परत करावी.

मदरसे व संस्था

ईदुल अजहाला अनेक मदरशांना बकऱ्याची कातडी दिली जातात. कातडे कसायाला मजुरीत देता येत नाही आणि विकले तर पैसा गरिबांचा. म्हणजे ही अमानत आहे. पण गरम कातडी प्लॅस्टिकच्या पोत्यात कोंबली की काही तासांतच केस सुटू लागतात. मग ती अमानत खड्ड्यात जाते आणि मोहल्ल्यात दुर्गंधी सुटते.

उपाय सोपा आहे. मांस व चरबी खरवडावी, कातडे सावलीत थंड करावे आणि तीन-चार तासांच्या आत मांसाच्या बाजूने जाडे मीठ चोळावे. मीठ कातड्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी नसावे. थप्पी उतारावर रचावी, म्हणजे पाणी निथळेल. हे खारे पाणी शेतात किंवा विहिरीजवळ सोडू नये. मीठ आणि गिऱ्हाईक, दोन्हींची तजवीज ईदच्या आठ दिवस आधी करावी.

कायदा

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावरच टाकली. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व कैद अशी शिक्षा ठरली. लहान दुकानदाराची महिन्याची कमाई एका दंडात जाऊ शकते.

तेव्हा उद्यापासून दुकानात तीन डबे ठेवावेत : ओल्यासाठी, सुक्यासाठी आणि तेल-बॅटरीसारख्या घातक वस्तूंसाठी. महिनाभर काय विकले गेले आणि काय टाकावे लागले, हे वहीत लिहावे. महिन्याअखेरीस ते पान उघडले म्हणजे आपण किती पैसा गटारात सोडत होतो, हे ज्याचे त्यालाच कळेल.