राष्ट्र सेवा दलाचे कलापथक आणि लोकनाट्याची घडण : पुण्याच्या संदर्भात

स्वातंत्र्योत्तर मराठी नाट्यवाङ्मयाचे इतिहास लोकनाट्याची बोळवण बहुधा ‘तमाशाचे शहरी रूप’ एवढ्या शब्दांत करतात. हे रूप कोणी व कशासाठी घडविले, याचे उत्तर मात्र नाटक मंडळ्यांच्या दप्तरात सापडत नाही. ते युवक संघटनांच्या मैदानावर शोधावे लागते.

४ जून १९४१ रोजी पुण्यात एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली. सायंशाखा, खेळ, कवायत, बौद्धिक हा तिचा नित्यक्रम. कलापथक हे त्या क्रमाला फुटलेले धुमारे होते. त्याच सुमारास, १९४४ साली, मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी साम्यवादी चळवळीचे लाल बावटा कलापथक उभे केले. दोन्ही पथकांचे राजकारण भिन्न होते, नव्हे परस्परविरोधी होते. पण दोघांनीही हात घातला तो तमाशाच्याच पेटाऱ्यात.

अण्णाभाऊंनी तमाशाच्या रचनेतच बदल केला. गणातील गणेशवंदनेच्या जागी मायभूमीला वंदन आले, गवळण गळाली. ज्याने स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला, त्या शाहिराला जुन्या आकृतिबंधात नवा आशय ओतणे कठीण नव्हते. शिवाय तमाशा ही त्यांना घरातून लाभलेली परंपरा होती. सेवा दलाच्या पांढरपेशा तरुणांना ती शिकून घ्यावी लागली. वसंत बापट, लीलाधर हेगडे प्रभृतींच्या गीतांत व सादरीकरणात नीटनेटकेपणा आहे, समूहस्वराचा जोम आहे. फडावरची बेफिकिरी मात्र क्वचितच आढळते. ‘बिजली’ (१९५२) या बापटांच्या पहिल्या संग्रहातही समूहाला उद्देशून बोलण्याची ही सवय जाणवते.

येथे एक विसंगती नोंदविणे अगत्याचे आहे. मुंबई राज्य सरकारने तमाशावर निर्बंध घातले, त्या काळात फडावरील कलावंतांची उपजीविका संकटात आली. आणि त्याच काळात ‘लोकनाट्य’ या सोज्वळ नावाने तोच प्रकार सुशिक्षित प्रेक्षकांसमोर प्रतिष्ठा पावला. शुद्धीकरणाचा लाभ ज्यांना झाला ते वेगळे, त्याची किंमत मोजणारे वेगळे. समतेचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच बोचरा ठरतो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, त्या कार्याच्या प्रचारात सेवा दलाचे शाहीर होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या प्रश्नाचा बोचरेपणा कमी होत नाही, वाढतो.

सोव्हिएत रशियातील कोम्सोमोलशी तुलना केल्यास सेवा दलाचे वेगळेपण स्पष्ट होते. १९४६ साली ‘झ्वेझ्दा’ व ‘लेनिनग्राड’ या नियतकालिकांवर पक्षाने जाहीर ठपका ठेवल्यावर तेथील तरुण लेखकांपुढे मार्गच उरला नाही. सेवा दलापाशी सत्ता नव्हती. तेथे लेखकाला रोखू शकेल असा अधिकारी एकच : समोर बसलेला प्रेक्षक. पु. ल. देशपांडे यांनी कलापथकासाठी लिहिलेल्या ‘पुढारी पाहिजे’मध्ये पुढारीपणाचीच थट्टा आहे. पुढाऱ्यांच्याच संघटनेने ती रंगमंचावर आणावी, हे संघटनेच्या प्रकृतीविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

पुण्यात या प्रयोगाला खरे बळ मिळाले ते मध्यमवर्गाबाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांमुळे. निळू फुले लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांना व्यावसायिक रंगभूमीवर आणले, तरी त्यांच्या अभिनयातील सावकाश, तिरकस बोलणे कलापथकातच घडले होते. राम नगरकर हे त्यांचे सहकारी, न्हावी समाजातून आलेले. ‘रामनगरी’ हे त्यांचे आत्मकथन ग्रंथरूपातही आले आणि एकट्याने सांगण्याच्या खेळाच्या रूपातही लोकांपुढे आले. त्याची शैली बतावणीची आहे : निवेदक स्वतःलाच सोंगाड्या करतो, जातीच्या धंद्यातील अपमान हसत सांगतो आणि श्रोत्याला मध्येच अडचणीत टाकतो.

मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासात ‘रामनगरी’चा विचार विनोदी लेखन म्हणून होतो. त्यातील बतावणीची बांधणी तपासल्यास कलापथकाने वाङ्मयाला काय दिले, ते बापटांच्या समूहगीतांपेक्षाही येथे अधिक ठळकपणे हाती लागते.