पायाचे पैसे कुठून येतात?

अगं, दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले काही दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांतच जातात. ती वर्दळ ओसरली की रात्री सगळे झोपल्यावर तू हिशेबाची वही उघडतेस आणि एकच प्रश्न समोर उभा राहतो: ऑपरेशनचं बिल मेडिक्लेममधून पास झालं, आता कृत्रिम पायाचंही होईल ना? मी ज्या कामात आहे तिथे जवळजवळ प्रत्येक घरातून हा प्रश्न येतो. म्हणून आज दुसरं काही नाही, याच्यावरच बोलू.

नकोसं वाटेल ते आधी सांगून टाकते. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी पाय काढण्याचा खर्च देतात, पाय बसवण्याचा देत नाहीत. पॉलिसीचं पुस्तक काढ आणि मागच्या बाजूचं ‘एक्सक्लूजन्स’चं पान उघड. शस्त्रक्रियेत शरीराच्या आत बसवलेली वस्तू, म्हणजे स्टेंट, पेसमेकर, गुडघ्याचा सांधा, यांचे पैसे मिळतात. जी बाहेरून चढवायची आणि रात्री काढून ठेवायची, ती मात्र ‘बाह्य उपकरण’ ठरते. कृत्रिम पाय त्यातच ढकललेला असतो, कुबड्या आणि वॉकरच्या शेजारी. पाय म्हणजे माणसाची रोजीरोटी. त्याला कुबडीच्या रांगेत बसवणं मला मुळीच पटत नाही, आणि हा नियम बदलायलाच हवा असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते. पण तू आज दवाखान्यातल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याच्या काउंटरवर, भांडत बसलीस तर तुझीच ताकद जाईल.

तरीही न वाचता ‘मिळत नाही’ असं धरून चालू नकोस. काही पॉलिसींमध्ये बाह्य कृत्रिम अवयवासाठी ठरावीक रकमेपर्यंतची तरतूद असते. नोकरी असेल तर कंपनीच्या ग्रुप पॉलिसीची संपूर्ण प्रत एचआरकडून मागून घे. ती कंपनी आणि विमा कंपनीनं आपसांत ठरवलेली असते, त्यामुळे तिच्या अटी बाजारातल्या पॉलिसीपेक्षा वेगळ्या असू शकतात. आणि क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी माग. तोंडी नकाराला काही अर्थ नसतो.

आता पैसे खरंच कुठे असतात ते बघू. पाय रस्त्यावरच्या अपघातात गेला असेल, तर आरोग्य विम्यापेक्षा गाड्यांचे विमे महत्त्वाचे. समोरच्याची चूक असेल तर त्याच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळते. अशा इजेसाठी त्या विम्यात रकमेची वरची मर्यादा नसते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. हा अर्ज आपण राहतो त्या भागातही करता येतो. २०२२ च्या एप्रिलपासून कायद्यात अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती चुकवू नकोस. ‘जखम भरू दे, मग बघू’ म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात.

दुसरा विमा आपल्याच गाडीच्या कागदात असतो, आणि तो कुणाच्या लक्षातच येत नाही. गाडी नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर होती, तेच चालवत होते, लायसन चालू होतं, तर पॉलिसीत ‘सीपीए’ किंवा ‘ओनर-ड्रायव्हर’ अशी ओळ आहे का बघ. तिथे १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं. दोन पाय गेले तर पूर्ण रक्कम, एक गेला तर निम्मी, म्हणजे साडेसात लाख. इथे चूक समोरच्याची होती का, हे सिद्ध करावं लागत नाही. स्वतःच घसरून पडले असतील तरी हा दावा करता येतो. दारू पिऊन चालवत असतील तर मात्र मिळत नाही.

तिसरी जागा बँकेचं पासबुक. मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला २० रुपये वजा झालेत का बघ, २०२२ च्या आधीचं असेल तर १२ रुपये. ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे. अपघातात एक हात किंवा पाय गेला तर १ लाख, दोन्ही गेले तर २ लाख. घरात सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. एक अवयव गेल्यास १ लाख, दोन गेल्यास २ लाख. खातेदाराबरोबर घरातल्या आणखी एका माणसालाही ती लागू होते. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात लगेच अर्ज दे.

एक लक्षात ठेव, अपघात विम्याची रक्कम मेडिक्लेमसारखी बिलावर मिळत नाही, अवयव गेला म्हणून ठरलेली मिळते. त्यामुळे मेडिक्लेम घेतला तरी हीही घेता येते, आणि ती पायासाठी वापरायला तू मोकळी असतेस. खाजगी अपघात पॉलिसी असेल तर तिच्यातला तक्ता बघ. नुसती बोटं गेली तर टक्केवारी अगदी कमी असते. पाय कुठून काढला, घोट्याच्या वर की खाली, हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घे.

मधुमेहानं पाय गेला असेल तर अपघाताचे हे सगळे दरवाजे बंद होतात. अशा वेळी आधी नोकरीकडे बघ. ईएसआयसीचा विमा असेल तर तिथून कृत्रिम अवयव मिळतो. केंद्र सरकारचे कर्मचारी आणि निवृत्त लोक सीजीएचएसकडे मागणी करू शकतात. हे काहीच नसेल तर कृत्रिम अवयवासाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त हवं. घरचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत निम्मी. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, लागतं. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, अर्ज ऑनलाइन करायचा. हे कार्ड पुढे प्राप्तिकराच्या सवलतीपासून एसटीच्या पासापर्यंत सगळीकडे लागेल, म्हणून ते पहिलं काम धर.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी दुकानातला माणूस सांगत नाही. पायाचा खर्च एकदाचा नसतो. ऑपरेशननंतर स्टंपला, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाला, सूज असते. ती पुढचे काही महिने उतरत राहते, आकार बदलत राहतो. स्टंप ज्यात बसतो तो पहिला सॉकेट मापात बसवला तरी थोड्याच दिवसांत ढिला पडतो, मग आत एकावर एक मोजे चढवावे लागतात, आणि शेवटी सॉकेट नवा करावा लागतो. आतलं अस्तर, म्हणजे लायनर, झिजतो, पाऊल झिजतं. मूल असेल तर वाढत्या अंगाबरोबर पाय पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. म्हणून घाबरून, सोनं गहाण टाकून पहिलाच पाय सगळ्यात महागडा घेऊ नकोस. पहिल्या पायावर चालायला शिकायचं असतं.

तो पहिला पाय मोफतही मिळतो. जयपूर फूट १९६८ साली कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला, तोच मुळी आपल्या जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, शेतातून अनवाणी चालणाऱ्या माणसासाठी. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो १९७५ पासून मोफत बसवते. पुण्यात साधू वासवानी मिशन मोफत पाय देतं. वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे आणि तिथे नागरिकांनाही पाय बसवून मिळतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. मोफत घेतला म्हणून कमीपणा मानू नकोस. भरपाईचे पैसे यायला वेळ लागतो, आणि तोवर माणूस खाटेवर राहिला तर मांडीचे स्नायू जातात, गुडघा आखडतो. गुडघ्याखाली उशी ठेवून पाय वाकवून झोपू देऊ नकोस, ते बरं वाटलं तरी पुढे पाय बसवताना नडतं. रोज संध्याकाळी पाय काढल्यावर स्टंप बघ. लाल खूण दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी पाय न घालता आधी फिटिंग करणाऱ्याकडे जा. मधुमेह असेल तर यात एक दिवसाचीही ढिलाई नको.

आणि पाय, सॉकेट बदलण्याचा हा पुढचा सगळा खर्च अपघाताच्या दाव्यात मागायचा असतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं एका अपघातग्रस्ताच्या दाव्यात, कृत्रिम पाय पाच-सहा वर्षांनी बदलावा लागतो हे धरून, पुढच्या पायांचे आणि देखभालीचेही पैसे मंजूर केले. तेव्हा वकिलाला फक्त आजचं बिल देऊ नकोस. पाय बसवणाऱ्या केंद्राकडून लेटरहेडवर अंदाजपत्रक घे: कोणता पाय, किती वर्षं टिकेल, दुरुस्तीला वर्षाला किती, सॉकेट कधी बदलावा लागेल. हा एक कागद नसला की एकाच पायाच्या पैशांवर आयुष्य काढायची वेळ येते.

एक फाइल कर. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सगळ्या पावत्या, लायसन, गाडीची पॉलिसी. मूळ प्रत कुठे द्यावी लागली तर आधी झेरॉक्स, आणि दिल्याची पोच घ्यायची.

विमा कंपनीनं लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. आणि ‘पाय नाही म्हणून यापुढे आरोग्य विमाच देणार नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर विमा नियामकानं २०२३ साली कंपन्यांना अपंग व्यक्तींसाठी पॉलिसी ठेवायला सांगितलंय. फॉर्म भरताना मात्र पायाचं, साखरेचं सगळं खरं लिही. लपवलेलं नेमकं क्लेमच्या वेळी बाहेर येतं.

मला माहीत आहे, हे वाचून दमायला होतं. घरात माणूस चिडचिडा झालेला असतो, नसलेला पाय दुखतो म्हणून रात्री जागवतो, आणि त्यात ही कार्यालयांची पायपीट. सगळं एकटीनं अंगावर घेऊ नकोस. दिराला दाव्याचं काम दे, भाच्याला यूडीआयडीचा अर्ज भरायला बसव. नातेवाईक विचारतात ना, ‘काही लागलं तर सांग’? त्यांना हे सांग. आणि पैसे मागताना मान खाली घालू नकोस. नवऱ्याला पुन्हा कामावर जायचंय, देवळाची पायरी चढायचीय, मुलीला शाळेत सोडायचंय. त्यासाठी मागतेस, तो तुमचा हक्क आहे. उद्या बँक उघडली की आधी पासबुक भरून आण, आणि गाडीच्या पॉलिसीतली ती ओळ शोध. तिथून सुरुवात होते.