परसातील कोंबड्या आणि भाजीचे वाफे : एका जोडधंद्याचा हिशेब

शिलाईचे दुकान असो, सुतारकाम असो की आठवडी बाजारातली हातगाडी, वर्षातले दोन-तीन महिने मंदीचे जातातच. कोकणात तर पावसाळाभर गवंडी, रंगारी आणि सुतार यांच्या हाताला काम थोडेच. अशा वेळी घरातला किराणा कशातून यायचा, याचे एक उत्तर आपल्या मागच्या पिढीकडे परसात तयार असे. दहा-वीस कोंबड्या आणि विहिरीच्या पाण्यावरची भाजी. पुढे घरात नोकरीचा किंवा परदेशातला पैसा येऊ लागला, तसे अनेकांनी हे काम हलके समजून सोडून दिले.

आता पुन्हा काही जण याकडे वळत आहेत, पण वळताना दोनपैकी एक चूक करतात. एक तर हौस म्हणून चार कोंबड्या पाळतात आणि हिशेब ठेवत नाहीत, किंवा कर्ज काढून एकदम पाचशे पक्ष्यांची शेड बांधतात. घरामागे पाच-दहा गुंठे जागा आणि हातात दुसरा धंदा असलेल्या माणसाला हे दोन्ही परवडत नाही. त्याने दहा कोंबड्या, दोन कोंबडे आणि चार वाफे एवढ्यावर सुरुवात करावी. माझे दुकान तालुक्याच्या गावी आणि घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. पुढे लिहितो ते तिथल्या अनुभवावरून.

प्रथम रोजच्या कामाचे पाहू. खुराडे पहाटेच उघडावे असा जुना रिवाज आहे. तो अंड्यांच्या दृष्टीने तोट्याचा आहे. कोंबडी बहुतेक अंडी सकाळच्या वेळी घालते. तिला फटफटताच सोडले, तर ती शेजाऱ्याच्या गवताच्या उडवीत किंवा कुंपणाच्या बुडाशी अंडे घालून येते, आणि ते मुंगसाच्या पोटात जाते. म्हणून उजाडल्यावर आतच पाणी आणि मूठभर दाणे द्यावेत, अंडी घालण्यासाठी कोपऱ्यात भुसा घातलेली टोपली ठेवावी आणि नऊ-दहाच्या सुमारास दार उघडावे. एवढ्या एका बदलाने आमच्याकडे दर आठवड्याला आठ-दहा अंडी जास्त हाती लागू लागली. त्याआधीही ती घातली जात होतीच, आमच्या घरात येत नव्हती एवढेच.

सकाळी दार उघडताना दोन मिनिटे नुसते उभे राहून पाहावे. कोण मागे राहिली, कोणाची पिसे फुगलेली आहेत, विष्ठेचा रंग कसा आहे. दुपारी पाणी बदलणे आणि अंडी गोळा करणे, मगरिबच्या आधी पुन्हा मूठभर दाणे टाकून सर्वांना आत घेणे आणि मोजणे, एवढेच काम उरते. सगळे मिळून दिवसाचा तासभर. हा तास बहुतेक घरांत बाईचा असतो, हे हिशेब मांडताना विसरू नये. कोंबडीचा पैसा बाईचा, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. धंदा थोडा वाढला की पुरुष तो पैसा आपल्या गल्ल्यात ओढतात आणि मग कोंबड्यांकडे पाहणारे कोणी उरत नाही, असे मी दोन-तीन घरांत पाहिले आहे.

आता जातीविषयी. निव्वळ गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, पण ती खुडूक होते, रवणाला बसते, एकवीस दिवसांत पिल्ले काढते आणि घार दिसली की त्यांना पंखाखाली घेते. गिरिराज, वनराजा यांसारख्या सुधारित जाती अंडी जास्त देतात, वजनही लवकर धरतात, पण सहसा रवणाला बसत नाहीत. शिवाय त्यांच्या अंड्यांतून काढलेली पुढची पिढी आईबापांइतकी उतरत नाही, म्हणून पिल्ले दर वेळी नवीन आणावी लागतात. आम्ही सुधारित कोंबड्यांबरोबर दोन गावठी कोंबड्या मुद्दाम ठेवतो. त्या हिशेबापलीकडच्या आहेत. एका गावठी कोंबडीखाली बारा-तेरा अंडी सहज मावतात.

दाण्याचा हिशेब असा. बंदिस्त कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. मोकळी फिरणारी कोंबडी यातले निम्मे किडे, गवत, सांडलेले दाणे यांतून मिळवते असे धरले, तर घरातून ६० ग्रॅम द्यावे लागते. बारा पक्ष्यांचे दिवसाला ७२० ग्रॅम, महिन्याला साडेएकवीस किलो. दहा सुधारित कोंबड्यांनी वर्षाला प्रत्येकी १२० अंडी दिली, तर महिन्याची सरासरी १०० पडते. म्हणजे एका अंड्यामागे साधारण २१५ ग्रॅम दाणा. आपल्या गावात तांदळाची कणी, मका आणि तयार खाद्य यांचे मिश्रण किलोला काय भावाने पडते ते पाहावे, त्याचा पाचवा हिस्सा काढावा आणि गावठी अंड्याच्या भावाशी ताडून पाहावा. पिल्लांची किंमत, लस, खुराड्याची डागडुजी यातूनच भागवायची असते. ज्याच्या गावात हा फरक अगदीच थोडा आहे, त्याने कोंबड्या वाढवू नयेत, बाहेरून मिळणारे खाद्य वाढवावे.

इथे भाजीच्या वाफ्यांचा उपयोग सुरू होतो. माठाची जून पाने, मुळ्याचा पाला, किडकी वांगी फोडून, कोबीची बाहेरची पाने हे सगळे कोंबड्या खातात. किनाऱ्याजवळच्या घरांत तिसऱ्या-कालवांचे शिंपले फुकट मिळतात. ते भाजून कुटून दिले, तर अंड्याचे कवच पातळ होत नाही. मासळीची डोकी उकडून द्यावीत, मात्र बेताने, नाहीतर अंड्याला वास येतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

वाफ्यांना मिळणारी परतफेड खताची असते. रात्री खुराड्यात पडणारी विष्ठा बारा पक्ष्यांची रोज अर्धा किलोच्या पुढे भरते, वर्षाला दोनशे किलोच्या आसपास ओला माल. पण ती ताजी घालू नये. कोंबडीचे खत उष्ण असते, रोपे करपतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : ताज्या विष्ठेत पोट बिघडवणारे जंतू असतात, आणि मुळा, कोथिंबीर, माठ आपण कधी कच्चे तर कधी अर्धवट शिजवून खातो. म्हणून खुराड्यात भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुश्याचा थर द्यावा, तो भिजला की काढून सुक्या पाल्याबरोबर खड्ड्यात थर देऊन टाकावा, अधूनमधून उलटावा आणि तीन-चार महिने कुजू द्यावा. हाताला मातीसारखे भुसभुशीत लागले आणि वास गेला, की खत तयार. सुताराच्या घरी भुसा आयताच असतो. मात्र रंग, पॉलिश किंवा प्लायवूडचा भुसा यात घेऊ नये.

कोंबडी आणि कोवळे रोप यांचे पटत नाही. उकरणे हा तिचा स्वभाव आहे. चारही वाफ्यांना कमरेइतके कूड किंवा जाळी हवीच. एका वाफ्याची भाजी संपली की तिथले दार उघडून कोंबड्यांना आठ-दहा दिवस आत सोडावे. त्या किडे, अळ्या आणि तणाचे बी वेचतात, जमीनही उकरून देतात. त्यानंतर काही दिवस वाफा मोकळा ठेवून त्यात भेंडी, वांगी, मिरची अशी मातीपासून उंच फळणारी भाजी लावावी. पालेभाजी तिथे लगेच पेरू नये, चार महिने जाऊ द्यावेत. पावसाळ्यात पडवळ, दोडके आणि कारली मांडवावर चढवली, की मांडवाखाली कोंबड्यांना सावली मिळते आणि वेलांना त्यांचा उपद्रव होत नाही.

एवढे सगळे जमवले तरी एका आठवड्यात शून्यावर येता येते, आणि ते मी पाहिले आहे.

एका वर्षी मार्चमध्ये आमच्याकडे लहानमोठे ३८ पक्षी होते. मानमोडीची लस टोचायची राहिली होती. कारण सांगायला लाज वाटते. लसीच्या लहानात लहान कुपीतही शंभर पक्ष्यांची मात्रा असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. माझे ३८ पक्षी, उरलेली लस वाया जाणार, म्हणून शेजाऱ्यांनी वाटा उचलावा याची मी वाट पाहत राहिलो. शेजारीही माझी वाट पाहत होते. मग एका सकाळी तीन कोंबड्या माना वाकड्या करून बसलेल्या दिसल्या. हिरवट-पांढरी हगवण, घशात घरघर. नऊ दिवसांत ३१ पक्षी गेले.

दुसऱ्याच दिवशी एक फिरता व्यापारी दारात आला. उरलेले जिवंत पक्षी निम्म्या भावाने घेतो म्हणाला. मी तयार झालो होतो. आईने त्याला दारातूनच परत पाठवले. ती म्हणाली, आपल्याला माहीत असलेले दुखणे दुसऱ्याच्या घरी विकायचे नाही. वाडीतल्या दोन घरांनी मात्र पक्षी विकले. पंधरा दिवसांत नदीपलीकडच्या वाडीतली खुराडी रिकामी झाली. आपण दुकानात कापडाचा डाग गिऱ्हाइकाला दाखवून विकतो. कोंबडीचा आजार तसा दिसत नाही, म्हणून तो झाकणे सोपे जाते. मेलेले पक्षी ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत.

या रोगाला राणीखेत असेही नाव आहे. त्यावर औषध नाही, लसच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा थेंब, पुढे दवाखान्यात सांगतील त्याप्रमाणे पुन्हा एकदा, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचण्याची लस. कुपी बर्फात ठेवूनच आणायची. त्या वर्षापासून आमच्या वाडीतली अकरा घरे एकाच दिवशी लस घेतात. कुपीचा खर्च पक्ष्यांच्या संख्येप्रमाणे वाटला जातो आणि तो इतका किरकोळ पडतो की मागचे आठवून माझे मलाच हसू येते. लस संध्याकाळी उशिरा देतो. अंधारात पक्षी पकडायला त्रास होत नाही.

काही धोके लसीच्याही बाहेरचे आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मोठ्या शेडबरोबर आसपासच्या घरगुती कोंबड्याही माराव्या लागल्या आणि भाव राज्यभर कोसळले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तो पुन्हा आला. २०२० च्या सुरुवातीला तर रोग नसताना, कोंबडीमुळे कोरोना होतो एवढ्या अफवेवर धंदा बसला. ज्यांचे सर्व भांडवल कोंबडीत होते ते बुडाले. ज्यांचे चार वाफे होते, त्यांची भाजी त्याही महिन्यांत विकली गेली. अचानक बरेच पक्षी मेले तर ते हाताळत न बसता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

विक्रीविषयी थोडे. अंडी रोजचा सुटा पैसा देतात, पण एकरकमी पैसा कोंबड्यांत आहे. आषाढ अमावस्येच्या आधी मागणी चढते, श्रावणात एकदम उतरते, नवरात्रातही तसेच. थंडीत अंड्यांचा भाव चांगला असतो. आपल्या गिऱ्हाइकांत रमजान आणि ईदेच्या सुमारास गावठी कोंबड्याला मागणी असते, आणि बहुतेकांना जिवंत पक्षीच हवा असतो, म्हणजे जबह आपल्या हाताने करता येतो. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, हे लक्षात ठेवून पिल्लांची तारीख ठरवावी. घरात खाल्लेले प्रत्येक अंडे आणि प्रत्येक जुडी बाजारभावाने वहीत जमा धरावी. आमच्या वहीत निम्मी अंडी मुलांच्या नावावर आहेत, आणि ती तोट्यात धरायचे मला कारण दिसत नाही.

सुरुवात करायची तर पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. तिथे पिल्लांची आगाऊ मागणी नोंदवावी लागते. आषाढात कोंबडे विकायचे असतील तर पिल्ले फेब्रुवारीत आणावीत, पाच महिन्यांत ते विक्रीला येतात. थंडीत अंडी हवी असतील तर मे महिन्यात, कारण तलंगा साडेपाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येतात. मात्र मेमध्ये आणलेल्या पिल्लांचे कोवळे वय पावसात जाते. खुराडे जमिनीपासून दोन हात उंच आणि भुसा कोरडा नसेल, तर रक्ती हगवण लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ९५ अंश फॅरनहाइटची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे पाहावे. बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजते आहे, दूर भिंतीला चिकटली तर बल्ब वर घ्यावा. पंचवीस-तीस पिल्लांना साठ वॅटचा एक साधा बल्ब पुरतो, पण वीज गेली तर रात्री निखाऱ्यांची शेगडी कोण पेटवणार, हे पिल्ले घरी येण्याच्या आधी ठरवून ठेवावे.