बोलणे आवरावे, माणूस तोडू नये



गळीत हंगामात कारखान्यावर जिकडे पाहावे तिकडे ओळखीचे चेहरे दिसतात. वजनकाट्यावर रिठदच्या माणसाला केनवडचा सोयरा भेटतो. मोपचा ट्रॅक्टरवाला शेतकी विभागाच्या खिडकीतल्या कारकुनाला ‘भाचेराव’ म्हणून हाक मारतो. मग लेकीचे लग्न, सोयाबीनचा भाव, पैनगंगेचे पाणी असे एकातून एक विषय निघतात. यात वावगे काही नाही. पण कामाच्या जागी लांबलेले बोलणे थांबवायचे कसे, हा प्रश्न रोजचा आहे, आणि त्यावरून माणसे दुखावतात. या पाठात आपण त्याचाच विचार करू.

सहकारात हे अवघड का?

सरकारी कचेरीत बाबूने ‘पुढचा या’ म्हटले की माणूस गुमान बाजूला होतो. आपल्याकडे तसे होत नाही. खिडकीबाहेर उभा असलेला माणूस भागधारक, म्हणजे मालक. आतला बहुतेक वेळा त्याच्याच गावचा नाहीतर नात्यातला. मालकाला ‘आता पुरे’ म्हणायचे कसे? आणि मामाला तरी कसे म्हणायचे? म्हणून कारकून नुसती मान हलवत राहतो आणि मागची रांग वाढत जाते.

याचे उत्तर सहकाराच्या तत्त्वातच आहे. इंग्लंडात रॉचडेल येथील कष्टकऱ्यांनी १८४४ साली सहकारी भांडार काढले. त्या चळवळीने रुजवलेले ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व आपल्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातही आहे. शेअर कितीही असोत, मत एकच. मग रांगेत शेवटी उभा आहे तोही तेवढाच मालक. पुढच्या मालकाच्या गप्पांपायी मागच्या मालकाचा वेळ खर्ची घालण्याचा हक्क कोणालाच नाही.

वेळ म्हणजे वजन

तोडलेला ऊस थांबत नाही. उन्हात तो वाळतो, वजन घटते. शिवाय आतली साखर फुटून तिची न गोठणारी साखर होते, म्हणजे तिचा दाणा धरत नाही. म्हणूनच तोडीनंतर २४ तासांच्या आत ऊस गाळावा, असे सांगतात. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात आणि भाव उताऱ्याशी बांधलेला असतो. काट्यावर प्रत्येक गाडीमागे पाच मिनिटे गप्पांत गेली, तर बारा गाड्यांमागे तासभर गेला. तो तास तेराव्या गाडीवाल्याच्या उसातून वजा होतो.

जेथे गप्पा नकोतच

काही जागा अशा आहेत की तेथे बोलणे आवरायचा प्रश्नच नसावा, कारण ते सुरूच होऊ नये. गव्हाणीत मोळ्या पडत असताना, सेंट्रिफ्युगल मशीन फिरत असताना, पॅनमन पाकाचा दाणा पाहत असताना त्याच्याशी बोलू नये. पॅनवर लक्ष ढळले तर खोटा बारीक दाणा सुटतो आणि साखरेची प्रत बिघडते. गव्हाणीवर लक्ष ढळले तर जिवावर बेतते.

अमेरिकेत शार्लट येथे १९७४ साली एक विमान उतरताना कोसळले. उतरण्याच्या वेळी वैमानिक कामाखेरीजच्या गप्पा करीत होते, असे चौकशीत दिसले. पुढे १९८१ साली तेथे नियमच झाला की विमान १०,००० फुटांच्या खाली असताना कामाशिवाय बोलायचे नाही. वर स्थिर उडताना बोलायला हरकत नाही. आपणही हेच ध्यानात ठेवावे. बंदी गप्पांवर नाही, वेळेवर आहे.

आवरायचे कसे?

आपल्या भाषेत निरोपाची रीत मुळातच गोड आहे. आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बैठक संपली की विडा पुढे करायचा, हळदीकुंकवाला आलेल्या बाईला निघताना कुंकू लावायचे. ‘उठा’ असे कोणी म्हणत नाही, तरी समजायचे ते समजते. तीच रीत कामावर वापरावी.

१) आधी नाते, मग काम. ‘काका, मामा, भाऊ’ अशी हाक मारून मगच थांबवावे.

२) खरे कारण सांगावे. ‘साहेब बोलावतात’ अशी खोटी सबब सांगू नये. ती उघडी पडली की माणूस कायमचा तुटतो.

३) पुढची वेळ द्यावी आणि ती पाळावी. न पाळलेली वेळ ही दुप्पट अपमान करते.

४) घड्याळाकडे पाहणे, कागद चाळणे, मोबाईल काढणे असल्या खुणा करू नयेत. त्यापेक्षा सरळ बोललेले बरे.

एक नमुना पाहा :

‘काय भाचेराव, सोयाबीनचं काय म्हनते बाजार?’

‘मामा, सांगतो नं तुम्हाले सारं. आधी हे पावती घ्या. मागं चार जन उभे हायेत, त्यायचा ऊस वाळून राह्यला. चार वाजता सुट्टी होते, मंग चहा पिऊ.’

यात नाते आहे, कारण आहे आणि वेळही आहे. मामा रागावणार नाहीत.

एक अपवाद

कधी कधी सोयाबीनच्या भावाचे निमित्त करून माणूस दुसरेच काही सांगायला आलेला असतो. घरात मयत झालेली असते, कर्ज थकलेले असते, पोर दवाखान्यात असते. आवाज बदलला, नजर खाली गेली की हे ओळखू येते. अशा वेळी रांगेला सांगून काम दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि त्या माणसाला बाजूला घेऊन बसावे. रांगेतली माणसेही माणसेच आहेत, ती समजून घेतात.

सभासदांनी काय करावे?

सगळा भार नोकरांवर टाकू नये. खिडकीशी जाण्यापूर्वी मागे वळून रांग पाहावी. आपले काम झाले की आपणच ‘बरं, येतो मंग’ म्हणावे. आणि कोणी गोडीने थांबवलेच, तर त्यात मानपान पाहू नये. आज आपण मागे वळून रांग पाहिली, तर उद्या आपली गाडी शेवटी असेल तेव्हा पुढचा आपल्यासाठी पाहील.

स्वाध्याय : येत्या आठवड्यात आपण काट्यावर किंवा खिडकीशी किती वेळा स्वतःहून बोलणे आवरले, ते घरी मोजून पाहावे.