साकवाआधी वाट

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात, पाऊस पडत नाही, कोसळतो. तिथल्या एका वाडीचा ओढ्यावरचा लोखंडी साकव एका रात्रीच्या लोंढ्यात गेला. तो पुन्हा उभारायला वाडीबरोबर आम्ही काही जण दोन उन्हाळे राबलो. पहिल्या उन्हाळ्याचं काम पुढच्याच पावसाने नेलं. त्यातून हाती लागलं ते असं :

१. साकव कडेने जातो. आमचं सगळं लक्ष लोखंडाच्या जाडीवर होतं. पाण्याने लोखंडाला हातही लावला नाही. काठावरच्या दगडी पायथ्यामागची माती पोखरली आणि अख्खा सांगाडा पात्रात बसला. दुसऱ्या खेपेला काळा कातळ लागेपर्यंत खोदलं.

२. आधी वाट नीट करा. ती माती ओढ्याने पोखरलीच नव्हती. वाडीतल्या एका बाबांनी भर पावसात मला वाटेवर नेलं. वर्षानुवर्षं पायांनी आणि खुरांनी खचून वाटेची घळ झालेली. डोंगराचं गढूळ पाणी तिच्यातून सरळ खाली, घोटाभर, आणि थेट पायथ्याच्या मागे. काठी त्या पाण्यात टेकवून बाबा म्हणाले, "खरा वढा ह्यो हाये." तेव्हा लाज वाटली, दोन महिने याच वाटेने मी सिमेंट वाहिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त दिवस वाटेवरच घातले. उतारावर ती नागमोडी फिरवली. दर पंधरा-वीस पावलांवर तिरपी दगडी ओळ घातली आणि तिच्या तोंडाशी पाणी बाहेर काढायला चर खणला. दगड उभा पुरायचा, दोन हिस्से जमिनीत. आडवा ठेवलेला दगड पहिल्या वळवात निघतो.

३. पुराची उंची झाडाला विचारा. काठावरच्या उंबरात वाळलं गवत अडकलेलं होतं, आमच्या डोक्याच्या वर. साकव त्याच्याही हातभर वर घेतला. लोंढ्याबरोबर ओंडकेही येतात.

४. जंगलाचं आणि माणसांचं पंचांग सांभाळा. १९८६ पासून हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. परवानगीशिवाय कुदळ मारायची नाही, आणि कागदाला वेळ लागतो. वाडीतली तरणी माणसं दिवाळीनंतर नारायणगावकडे मजुरीला जातात, शिमग्याला परततात. म्हणजे काम शिमगा ते मृग, एवढंच. मेअखेरीला काजवे चमकायला लागले तेव्हा दिवस मावळताच आम्ही हत्यारं ठेवायचो. दिव्याच्या उजेडात काम करणं मनाला पटलं नाही.

५. साकव रोज कोण वापरतं आणि रविवारी कोण, दोन्ही धरा. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चार जीव गेले. तेव्हापासून आमच्या साकवावर फोटोसाठी घोळका थांबलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. रुंदी मुद्दाम एका माणसापुरती ठेवली आहे. फळीतल्या फटी पाणी गळेल एवढ्या, पण शेळीचा खूर अडकणार नाही अशा. ही सूचना बायकांची.

६. देखभाल कोण करणार, हे आधी ठरवा. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी धावत पोचलो. बाबा वाटेवर वाकून फावड्याने चरातला पाचोळा ओढत होते. साकवाकडे ते अजून गेलेच नव्हते.